दोरी उतरवली तरी धनुष्य वाकलेलंच: कोकणच्या दमट हवेत काय तपासायचं आणि कुठल्या क्रमाने

आषाढ लागला की माझ्या पडवीत येणाऱ्या धनुष्यांची तक्रार जवळपास एकच असते. उन्हाळ्यात हौसेने बांबू किंवा धामण तासून केलेलं, मे महिन्यात छान चाललेलं धनुष्य पाऊस धरल्यावर ढिलं पडतं. कुडाळकडची पोरं घेऊन येतात तेव्हा सांगतात, "काका, मोडूक नाय, पण जोर गेलो सगळो." आणि बहुतेकांनी इथे येण्याआधी त्यावर कानस चालवलेली असते. हे लिहितोय ते त्यासाठीच. जोर गेला म्हणून घासायला घेतलं की असलेला जोरही जातो. या दुखण्यात घासण्याची पाळी खूप उशिरा येते, आणि कितीतरी वेळा येतच नाही.

शब्द आधी ठरवून घेऊ. मुठीच्या वर आणि खाली वाकणारे जे दोन भाग, त्यांना मी पाती म्हणतो. ओढताना आपल्याकडे असलेली बाजू म्हणजे पोट, समोर असलेली म्हणजे पाठ. धनुष्य ओढलं की पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. लाकूड आणि बांबू दोन्ही ताण चांगला सोसतात, दाब त्या मानाने कमी. पोटाकडचे तंतू सोसण्यापलीकडे दाबले गेले की ते चेपतात, पूर्ववत होत नाहीत, आणि धनुष्य बाक धरतं. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे: पोटाच्या तंतूंवर झेपण्याएवढाच दाब येतोय का, आणि नसेल तर का नाही.

लक्षणं

- दोरी उतरवून तास झाला तरी दोन्ही टोकं पोटाच्या बाजूला झुकलेली राहतात.
- दोरी चढवल्यावर मूठ आणि दोरी यांतलं अंतर कमी झालंय. मूठ वळून अंगठा उभा केला की साधारण १५ सेंटिमीटर होतात. पूर्वी दोरी अंगठ्याच्या टोकाला लागायची, आता पेरावर येते.
- सुटलेली दोरी मनगटाला फटकारते.
- ओढायला सुरुवातीला पोकळ लागतं, जोर शेवटच्या दोन-तीन इंचांत येतो.
- तेवढ्याच अंतरावरून, तेवढ्याच ओढीने बाण खाली जातो.
- एक पातं दुसऱ्यापेक्षा जास्त वाकलेलं दिसतं, किंवा एकाच जागी कोपर आल्यासारखं दुमडतं.

ओढताना टक् असा आवाज आला असेल, पाठीवरची शीर उचलली गेली असेल किंवा पोटावर केसाएवढ्या आडव्या रेघा दिसत असतील, तर हे दुखणं वेगळं आहे. दोरी उतरवा, पुन्हा चढवू नका आणि सरळ शेवटचा भाग वाचा.

आधी मोजा

सपाट फरशीवर धनुष्य पाठ खाली करून ठेवा. मूठ टेकेल, टोकं उचललेली दिसतील. प्रत्येक टोक फरशीपासून किती वर आहे ते मोजा. दोरी उतरवल्या उतरवल्या एकदा, आणि रात्रभर आडवं ठेवून सकाळी एकदा. दोन्ही आकडे तारखेसह पोटावर पेन्सिलीने लिहा. मूळ कामटीला किंवा लाकडाला आधीपासून बाक असेल तर तो यातून वजा करायचा, म्हणून नवं धनुष्य करताना पहिल्या दिवशीच हे माप घेऊन ठेवावं.

एकसंध लाकडाच्या धनुष्याने तीन-चार सेंटिमीटर बाक धरणं हे स्वाभाविक आहे. तेवढ्यासाठी काही करायची गरज नाही. पाचपर्यंत चालतं. सातच्या वर गेला तर खाली सांगितलेल्या क्रमाने तपासायला लागा. आणि दोन आकड्यांमधला फरकही बघा. संध्याकाळी सात आणि सकाळी चार असेल, तर तंतू दमलेत पण अजून जिवंत आहेत, आणि बहुधा ओलावा हेच कारण निघतं. संध्याकाळी सात आणि सकाळीही सातच असेल, तर पोट चेपलंय. ते परत उठत नाही. पुढे आणखी चेपणार नाही एवढंच आपल्या हातात असतं.

१. दोरी (खर्च जवळपास शून्य)

मूठ ते दोरी अंतर कमी झालंय पण फरशीवरचं माप पहिल्याएवढंच आहे, तर लाकडाचा यात काही संबंध नाही. दोरी लांबली आहे.

किनाऱ्यावर दोरा म्हटलं की हाताशी येतो तो जाळ्याचा नायलॉन. मजबूत असतो, फुकटही मिळतो, पण धनुष्याला बरा नाही. नायलॉन ताणला की लांबतो, आणि पाणी पितो, त्यामुळे पावसाळ्यात आणखी लांबतो. पॉलिएस्टरचा दोरा पाणी जवळपास घेत नाही आणि लांबतोही कमी. लाकडी धनुष्याला तोच वापरा. दुकानात कळलं नाही तर हातभर दोरा दोन्ही हातांत धरून जोरात ओढून बघा, नायलॉनचा ताण रबरासारखा हाताला जाणवतो.

तागाची किंवा शणाची पीळ दिलेली दोरी उलट वागते. ओली झाली की आखडते, वाळली की सैल पडते. अशी दोरी लावून पावसात धनुष्य चढवलेलं ठेवलं तर दोरी आखडून पात्यांना जास्तीचं वाकवत राहते, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. हौस असेल तर शणाची दोरी जरूर वळा, मेण चोळा, पण ती कोरड्या महिन्यांत वापरा.

दोरी चांगली असून थोडी लांब झाली असेल तर एक फास सोडवून आठ-दहा पीळ वाढवा. अंतर परत १५ सेंटिमीटरवर आलं, फटका बंद झाला, तर काम झालं. पुढचं वाचायची गरज नाही.

२. सवयी (खर्च शून्य)

धनुष्य वापरून झालं की दोरी उतरवा. चहाला बसताना, बाण शोधायला जाताना, रात्री तर नक्कीच. चढवलेल्या स्थितीत पोट दाबलेलंच असतं, आणि दमट दिवसांत लाकूड तासभरातही त्या आकाराला सरावतं.

पूर्ण ओढून धरून ठेवू नका. नेम धरून पाच-सहा सेकंद थांबायची सवय फायबरच्या धनुष्यावर शिकलेल्यांना असते. लाकडाला ती सोसत नाही. आणि टिलर करताना, म्हणजे खाचा पाडलेल्या खांबावर धनुष्य अडकवून पाती कशी वाकतात हे बघत ती सारखी वाकतील अशी घासताना, ते पूर्ण ओढीच्या खाचेत अडकवून फोटो काढत बसू नका. नव्या धनुष्याने बाक धरण्याचं हे सगळ्यांत मोठं कारण मला दिसतं. खाचेत अडकवा, तीन-चार सेकंद बघा, सोडा. नीट बघायचं असेल तर दुसऱ्या कुणालातरी फोटो काढायला उभं करा.

तुमच्यापेक्षा लांब हातांच्या माणसाला ओढायला देऊ नका. २६ इंचांना टिलर केलेलं धनुष्य २८ इंच ओढलं की त्या दोन इंचांत पोटावर येणारा दाब लाकडाने आधी कधी पाहिलेला नसतो. तुमच्या ओढीएवढ्या अंतरावर बाणावर रंगाचा एक पट्टा मारून ठेवा. पट्टा मुठीपाशी आला की बस.

आणि ठेवायची जागा. आपल्याकडे घरं चिऱ्याची. जांभा दगड पावसात पाणी शोषतो आणि गणपतीपर्यंत आतून ओलाच असतो. त्या भिंतीला टेकवून, एका टोकावर उभं केलेलं धनुष्य दोन्हीकडून मार खातं: खालचं पातं वजनाने वाकतं आणि पाठीला ओल लागते. भिंतीपासून चार बोटं पुढे आलेल्या दोन खुंट्या मारा आणि त्यांवर आडवं ठेवा.

३. ओलावा (बल्ब, पेटी आणि काटा; घरात असेल त्यावर भागतं)

माझ्याकडे आलेली बहुतेक धनुष्यं इथेच बरी होतात. लोक मात्र ही पायरी सोडून थेट कानशीवर जातात.

लाकूड आजूबाजूच्या हवेप्रमाणे ओलावा घेतं आणि सोडतं. हवेची आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास असेल तर लाकडात साधारण ९ टक्के ओलावा राहतो, ६५ टक्के असेल तर १२, ८० टक्के असेल तर १६. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवा ८५-९० टक्क्यांवर असते, म्हणजे उघड्या पडवीत ठेवलेलं लाकूड १८ टक्क्यांकडे सरकतं. धनुष्याला हवा असतो ८ ते १० टक्के. आणि ओलावा एका टक्क्याने वाढला की लाकडाची तंतूंच्या दिशेने दाब सोसण्याची ताकद साधारण पाच-सहा टक्क्यांनी घटते. मार्गशीर्षात ज्या ओढीला पोटाने हूं की चूं केलं नाही, तीच ओढ श्रावणात त्याला चेपून टाकते. धनुष्यात काही बिघडलेलं नसतं, फक्त लाकूड ओलं असतं.

म्हणून दमट दिवसांत टिलर करूच नका, हे मी ठामपणे सांगतो. ओल्या पात्यातला कुठला भाग ताठ आणि कुठला मऊ, हे त्या दिवशीच्या ओलाव्याचं चित्र असतं. त्यावर विश्वास ठेवून घासलं तर वाळल्यावर वेगळंच धनुष्य हातात येतं.

ओलावा मोजायला यंत्र लागत नाही. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा डिजिटल काटा घ्या, दोरी काढून धनुष्य रोज एका वेळी तोला, आकडा लिहा. ६०० ग्रॅमच्या धनुष्यातला ओलावा १६ वरून १० टक्क्यांवर आला तर सुमारे ३० ग्रॅम वजन कमी होतं. काट्यावर ते स्वच्छ दिसतं. लागोपाठ तीन-चार दिवस आकडा हलला नाही की त्या जागेच्या हवेत जेवढं वाळायचं तेवढं ते वाळलं.

पण पावसात ती जागाच दमट. म्हणून पेटी. जुन्या प्लायची, सहा फूट लांब, बूड आणि झाकण असलेली पेटी करा. खाली एका टोकाला हवा आत यायला दोन-तीन भोकं, वर दुसऱ्या टोकाला बाहेर जायला तेवढीच. आत ४० किंवा ६० वॅटचा तारेचा बल्ब. एलईडी नको, त्याला हवी तेवढी ऊब नसते. तारेचे बल्ब आता सगळीकडे मिळत नाहीत, पण कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायला लोक अजून घेतात, तिथे चौकशी करा. पेटीत हवेपेक्षा दहा अंश जास्त तापमान मिळालं की पुरे. त्यामागचं गणित असं: २७ अंशांची ९० टक्के दमट हवा ३७ अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास येते, कारण गरम हवेत बाष्प मावायला जागा जास्त. आणि ५० टक्क्यांना लाकूड ९ टक्क्यांवर स्थिरावतं, म्हणजे नेमकं आपल्याला हवं तिथे. त्याहून जास्त तापवायच्या मोहात पडू नका. ७-८ टक्क्यांच्या खाली गेलेलं लाकूड ठिसूळ होतं, आणि मग बाक धरण्याऐवजी मोडतं.

बल्ब लाकडापासून आणि प्लायपासून वीतभर तरी लांब, आत थर्माकोल किंवा कापड नाही, आणि घरात कुणी नसताना पेटी बंद. एवढं पाळा. ज्यांच्याकडे अजून चूल पेटते त्यांनी चुलीवरच्या माळ्यावर ठेवलं तरी तेच काम होतं, फक्त वेळ जास्त लागतो. कडक उन्हात किंवा पत्र्यावर मात्र ठेवायचं नाही. बाहेरचा थर झटकन वाळून आखडतो, आतला ओला राहतो, आणि लाकूड तडकतं. नुकतंच तोडलेलं ओलं लाकूडही थेट पेटीत नको. आधी दोन्ही टोकांना रंग किंवा गोंद फासून सावलीत मुरू द्या.

वाळल्यावर धनुष्य पुन्हा फरशीवर मोजा, दोरी चढवा, दहा-बारा अर्ध्या ओढी घ्या. जोर परत आला असेल तर कानस जिथे होती तिथेच राहू दे.

४. लेप (पॉलिशची एक बाटली)

वाळवलेलं धनुष्य उघडं ठेवलं तर आठवडाभरात परत ओलं होतं. त्यावर लोक जवसाचं तेल किंवा मुठेल चोळतात. दिसायला सुंदर दिसतं, हाताला छान लागतं, पण बाष्प अडवायला तेलाचा उपयोग फार कमी. तेलावरून पाणी ओघळतं म्हणून आपल्याला वाटतं की ते बंद झालं. हवेतलं बाष्प मात्र आत जातच राहतं. लाखेचं स्पिरिट पॉलिश बाष्पाला चांगलं अडवतं. पातळ पातळ सहा-सात हात मारा, प्रत्येक हात वाळू द्या. दोरी अडकवायच्या खाचांच्या आतून, टोकांच्या कापलेल्या तोंडांवर आणि मुठीच्या कातड्याखालीही. लाकडाच्या कापलेल्या तोंडातून ओल सगळ्यांत जलद शिरते, आणि नेमकी तीच जागा विसरली जाते. वरून मेण चोळलंत तर लाखेला पाण्याचे पांढरे डाग पडत नाहीत.

लेप ओल थांबवत नाही, तिचा वेग कमी करतो. पावसाळाभर पेटीत अधूनमधून ठेवणं चालूच राहणार.

५. टिलर (वेळ आणि धीर)

धनुष्य कोरडं आहे, दोरी ठीक आहे, सवयी सुधारल्या, तरीही बाक वाढतोय. आता पाती बघायची.

बाक कुठे आहे ते आधी ओळखा. पात्यावर सरळ पट्टी ठेवून बघितलं की कळतं. सगळ्या लांबीवर थोडा थोडा बाक असेल, तर पाती सारखी वाकताहेत आणि एकूण ताणच जास्त आहे. तुम्ही सहाव्या मुद्द्यावर जा. सगळा बाक चार-सहा इंचांत साठला असेल, तर तिथे बिजागरी झाली आहे. बाकीचं पातं आळशासारखं उभं, आणि सगळं ओझं त्या एका तुकड्यावर. बिजागरी मुठीजवळ असेल तर टोक जास्त झुकतं, कारण तिच्यापुढची सगळी लांबी तिच्यासोबत कलते.

बिजागरी शोधायला एक साधन करा. १५ सेंटिमीटर लांबीचा सपाट लाकडी ठोकळा, मधोमध भोक, भोकात पेन्सिलीचा तुकडा घट्ट बसवलेला. धनुष्य चढवा. ठोकळा पोटावर ठेवून मुठीपासून टोकाकडे सरकवा. जिथे पातं सगळ्यांत जास्त वाकतं तिथे ठोकळ्याच्या मध्यापाशी सगळ्यांत मोठी फट दिसेल. पेन्सिल तेवढीच बाहेर काढा, की त्या जागी ती जेमतेम टेकत नाही. आता ठोकळा पुन्हा पूर्ण पात्यावरून फिरवा. जिथे पातं कमी वाकतंय तिथे फट लहान, म्हणून तिथे पेन्सिल उठेल. जिथे रेघ उठली तिथेच लाकूड काढायचं. जिथे उठली नाही त्या जागेला हात लावायचा नाही. मुठीपाशी आणि टोकाच्या शेवटच्या वीतभर जागेत पातं ताठच ठेवायचं असतं, तिथल्या रेघा सोडून द्या.

किती काढायचं? फार थोडं. पात्याचा ताठपणा जाडीच्या घनावर चालतो. १२ मिलिमीटर जाडीतला एक मिलिमीटर काढलात तर त्या जागेचा ताठपणा जवळजवळ २३ टक्क्यांनी उतरतो. रुंदी मात्र तेवढ्याच प्रमाणात, म्हणजे बाराव्या हिश्शाने कमी केली तर आठ टक्केच. म्हणून या टप्प्यावर रंधा आणि जाड कानस बाजूला. काचेच्या ताज्या तुकड्याची धार किंवा पातळ पोलादी पत्रा घ्या आणि खरवडा. भुसा पडायला नको, कुरळी, कांद्याच्या सालीएवढी पातळ साल निघाली पाहिजे. रेघ पुसली जाईपर्यंत खरवडा आणि थांबा. मग अर्ध्या ओढीपर्यंत वीस-तीस वेळा सावकाश ओढा. लाकडाला बदल कळायला तेवढ्या ओढी लागतात. खरवडल्या खरवडल्या बघितलं तर काहीच झालं नाही असं वाटतं आणि हात पुन्हा जातो. मग ठोकळा फिरवा. मग पुन्हा.

दोन नियम यात मोडायचे नाहीत. जिथे दोष दिसला त्या ओढीच्या पुढे, तो दोष जाईपर्यंत, ओढायचं नाही. आणि जेवढ्या वजनाचं (म्हणजे पूर्ण ओढायला जेवढा जोर लागेल असं) धनुष्य हवंय त्यापेक्षा जास्त जोर कधीच लावायचा नाही. बॅग तोलायचा हुकाचा काटा दोरीला अडकवून ओढला की वजन कळतं. ३० पौंडांचं धनुष्य हवं असेल तर काटा साडेतेरा किलो दाखवेल तिथे थांबा, मग ओढ २० इंचांचीच का झालेली असेना. पुढचे इंच लाकूड काढल्यावर येतील.

बिजागरी खोल असेल तर बाकीचं पातं तिच्या पातळीला आणताना आणि मग दुसरं पातं पहिल्याशी जुळवताना धनुष्याचं वजन उतरतं. ४० पौंडांचं २८ होतं. हे पटवून घ्यायला जड जातं, मला ठाऊक आहे. पण सारखं वाकणारं २८ पौंडांचं धनुष्य वर्षानुवर्षं बाण टाकतं, आणि बिजागरीचं ४० पौंडांचं दिवाळीही बघत नाही. शेवटी दोन्ही पाती तोलताना खालचं वरच्यापेक्षा अगदी किंचित ताठ राहू द्या, कारण हात मुठीत धरतो तेव्हा त्याचा दाब खालच्या पात्याकडे जास्त जातो.

बांबूसाठी एक गोष्ट वेगळी. त्याची ताकद बाहेरच्या सालीलगतच्या दाट तंतूंमध्ये असते, आतला भाग मऊ. साल पाठीला ठेवायची आणि तिला पत्राही लावायचा नाही. पेऱ्यांवरचा उंचवटा डोळ्यांना खुपतो म्हणून सपाट केला की पाठीचे तंतू तुटतात आणि धनुष्य त्याच पेऱ्यावर मोडतं. सगळं खरवडणं आतून, पोटाकडून.

६. मूळ मापं आणि लाकूड

पाती सारखी वाकताहेत, लाकूड कोरडं आहे, तरी बाक वाढतो, तर तुम्ही त्या तुकड्याकडून झेपेल त्याहून जास्त काम मागताय. मधे ताठ मूठ असलेल्या धनुष्याची लांबी ओढीच्या दुपटीपेक्षा १५-२० टक्के तरी जास्त हवी. २६ इंच ओढीला ६० ते ६२ इंच, २८ इंचाला ६५ ते ६७. यापेक्षा आखूड असेल तर उपाय दोनच: वजन उतरवा किंवा ओढ कमी करा. लहान मुलाला देऊन टाकणं हाही चांगला उपाय आहे, त्याची ओढ तेवढीच असते.

लाकडाच्या बाबतीत: आंबा आणि फणस हाताशी असतात, पण आंब्याचं लाकूड धनुष्याला कमजोरच. धामण लवचीक, कुऱ्हाडीचे दांडे तिचे करतात ते उगाच नाही. सागाची वर्षागणिक वाढीची वर्तुळं स्पष्ट दिसतात, त्यामुळे पाठीला एकच वर्तुळ राखणं नवशिक्याला जमतं. सिंधुदुर्गात सगळ्यांत सोपा माणगा, खालची कांडी जवळपास भरीव असतात. पण कोवळा नको, तीन वर्षांचा तरी घ्या, आणि पावसाळ्यात तोडलेला नको. त्या दिवसांत तोडलेल्या बांबूला लवकर भुंगा लागतो. कामटीवर टाचणीएवढी भोकं आणि खाली पिठासारखी पूड दिसली तर ती कामटी बाद, तिच्यावर पुढे एक मिनिटही घालवू नका.

लाकूड आपल्या जागेतलं किंवा वखारीतून पावतीने घेतलेलं असू दे. साग, आंबा, फणस, खैर, ऐन, किंजळ ही झाडं स्वतःच्या जमिनीतली असली तरी तोडायला परवानगी लागते. बांबूचं तसं नाही, २०१७ पासून जंगलाबाहेरचा बांबू कायद्याच्या लेखी झाड राहिलेला नाही. वनजमिनीतला मात्र तोडायचा नाही.

७. पोट भाजणं (शेवटचा उपाय, कोरड्या महिन्यांतच)

पोटाकडची बाजू कोळशावर सावकाश भाजली की ती दाबाला जास्त टिकते, आणि गरम असतानाच साच्यावर उलट्या बाजूला तीन-चार सेंटिमीटर वाकवून बांधलं तर बाक निघतो. करवंटीचे कोळसे यासाठी उत्तम, धूर नाही आणि धग एकसारखी. पोट निखाऱ्यांपासून वीतभर उंचीवर, थोडी थोडी लांबी घेत, रंग पिकल्या गव्हापासून तांबूस तपकिरी होईपर्यंत. काळं होता कामा नये. पाठीला धग लागू द्यायची नाही. दोन्ही कडांना ओल्या गोणपाटाची पट्टी ठेवली तर ज्वाळ वर चढत नाही. रात्रभर साच्यावरच थंड होऊ द्या.

भाजलेलं लाकूड अतिशय कोरडं असतं. त्याच दिवशी दोरी चढवली तर ते काचेसारखं तुटतं. तीन-चार दिवस उघड्या हवेत ठेवून वजन स्थिर झाल्यावरच वाकवा. पांढऱ्या सुतारी गोंदाने दोन थर चिकटवलेलं धनुष्य भाजायचं नाही, धगीने गोंद मऊ होतो आणि थर सरकतात. आणि ज्या पाठीला आधीच कुठे ओरखडा आहे, त्या धनुष्याला हा उपाय नाहीच: पोट ताठ झालं की ओझं पाठीवर जातं.

कुठे थांबायचं, कुणाला बोलवायचं

पाठीवर आडवी चीर, उचललेली शीर, पोटावर आडव्या बारीक रेघा, थरांमध्ये फट, ओढताना कुठलाही टक् आवाज. यांपैकी एक जरी असलं तरी घरचे उपाय संपले. पोटावरच्या रेघा म्हणजे चेपलेले तंतू तुटायला लागलेत. रेघा घासून टाकल्या तर त्या दिसत नाहीत एवढंच, आणि तिथली जाडी आणखी कमी होते. चिरेवर दोरा गुंडाळून, गोंद भरून पुन्हा ओढायला घेतलेली धनुष्यं मी बघितली आहेत. पूर्ण ओढीला धनुष्य मोडतं तेव्हा तुकडा चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असतो. धनुष्य खांबावर ओढतानाही डोळ्यांवर चष्मा हवा, आणि बाण न लावता दोरी सोडायची नाही, कधीच.

चीर आहे की नुसता लाकडाचा नैसर्गिक ओघ, हे कळत नसेल तर लाकूड जाणणाऱ्या जुन्या सुताराला दाखवा. तो बोट फिरवून सांगतो. पण टिलर दुरुस्त करायला सुताराकडे देऊ नका. त्याचा हात सरळ आणि सारखं करायला शिकलेला असतो, आणि पातं टोकाकडे निमुळतं होत गेलेलं हवं असतं. त्यासाठी स्वतः धनुष्य करणारा माणूसच पाहिजे. ४० पौंडांच्या वरचं धनुष्य असेल, पाती पिळली गेली असतील आणि दोरी मुठीच्या मधोमध न पडता एका कडेला जात असेल, थर चिकटवलेलं असेल, किंवा दुसऱ्या कुणी केलेलं असून आत काय आहे ते माहीत नसेल, तर सुरुवातच त्याच्याकडून करा.

दुरुस्त झालेलं धनुष्य पहिल्यांदा चालवताना जवळपास धनुर्विद्येचा प्रशिक्षक असेल तर त्याच्या मैदानावर न्या. नसेल तर मागे मातीचा बांध किंवा भाताच्या पेंढ्याची जाड उडवी, आजूबाजूला माणूस-गुरं नाहीत हे बघून. लक्ष्य पेंढ्याचंच, रानातल्या प्राण्या-पक्ष्यांची शिकार १९७२ च्या कायद्याने बंद आहे. पहिले बाण अर्ध्या ओढीने, नंतर पाऊण, पूर्ण ओढ दुसऱ्या दिवशी. प्रत्येक टप्प्यानंतर दोरी उतरवून फरशीवर माप घ्या आणि पोटावरच्या जुन्या आकड्याखाली नवा लिहा.